पावसाचे मर्म शोधणाऱ्या विदुषी : कै. डॉ. सुलोचनाबाई गाडगीळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण ज्या थोर व्यक्तींचे पुण्यस्मरण करतो त्या बहुतेक आपल्याच ज्ञातीतील असतात. ते उचितही आहे; आपल्या माणसांचे गुण आपण गाइले नाहीत तर दुसरे कोण गाणार? तथापि यंदा विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने आम्हांस दिली, तेव्हा ज्ञातीबाहेरील एका विदुषीचे नाव आम्ही सुचविले. दि. २४ जुलै २०२५ रोजी बंगळूर येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी, ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञ डॉ. सुलोचनाबाई गाडगीळ निवर्तल्या. त्यांचे स्मरण आपण आज करावे अशी आमची विनंती होती, आणि मंडळाने ती मान्य केली याबद्दल आम्ही ऋणी आहो.

यावर कोणी सहज विचारील, की आपल्या समाजाशी या बाईंचा संबंध काय? त्यास आमचे उत्तर असे, की ज्या पावसावर आपले भात पिकते, ज्याच्या लहरीवर आपल्या चिकूच्या वाडीचे वर्ष ठरते आणि ज्याची वाट आपल्या कित्येक पिढ्यांनी पश्चिमेकडे डोळे लावून पाहिली, त्या पावसाचे मर्म समजून घेण्यात या बाईंनी अर्धशतक वेचले. याहून निकटचा संबंध तो कोणता असावयाचा?

आणखीही एक कारण आहे. सांप्रत आपल्या घराघरांतून एक वाद चालू आहे. वडील मंडळी म्हणतात, ‘पावसाचे आम्हांला कळते, चोपडीत का पाऊस पडतो?’ शिकलेली मुले म्हणतात, ‘तुमच्या नक्षत्रांचे दिवस गेले.’ या वादात दोघेही दुरावतात आणि मध्ये शेती मरते. सुलोचनाबाईंच्या चरित्रात या वादाचे उत्तर सापडते असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच हे चरित्र आज सांगावयाचे आहे.

बाईंचा जन्म ७ जून १९४४ रोजी पुण्यास झाला. ७ जून म्हणजे मृग नक्षत्राचे तोंड! पावसाच्या या अभ्यासकाला नियतीने जन्मदिवसही शोभेसा दिला. माहेरच्या त्या फाटक. घरी डॉक्टरी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आरंभीचे शिक्षण पुण्यात, मग काही वर्षे आंध्रातील ऋषी व्हॅली येथील विद्यालयात, आणि पुन्हा पुण्यास येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे पुणे विद्यापीठातून उपयोजित गणित घेऊन त्या एम. एस्‌सी. झाल्या. थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव माधवराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे धनंजयरावांचे नाव आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. माधवरावांनीही पुढे सह्याद्रीच्या जीवसृष्टीचे अभ्यासक म्हणून मोठी कीर्ती मिळविली.

पतिपत्नी दोघेही उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेली. तेथे सुलोचनाबाईंनी समुद्रप्रवाहांच्या गणिताचा विषय घेतला. अटलांटिक महासागरात गल्फ स्ट्रीम नावाचा एक प्रचंड प्रवाह वाहतो. तो सरळ न वाहता नागमोडी वळणे घेतो. समुद्राच्या तळाशी जे चढउतार असतात त्यांचा या वळणांशी काय संबंध आहे, याचे गणित त्यांनी आपले मार्गदर्शक ॲलन रॉबिन्सन यांच्यासह मांडले. १९७० साली त्यांना पीएच. डी. मिळाली. त्यानंतर त्यांनी हवामानशास्त्राचे त्या काळचे धुरीण ज्यूल चार्नी यांच्यासमवेत काम केले. परदेशात राहावयाचे ठरविले असते तर तेथे त्यांना काही उणे पडले नसते. पण १९७१ साली उभयता स्वदेशी परतली. आपल्या देशातील कोट्यवधी माणसांचे जीवन ज्याच्यावर अवलंबून आहे तो मोसमी पाऊस हाच आपला विषय, असे बाईंनी ठरविले. दोन वर्षे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत काढून १९७३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र तेच राहिले. वातावरण आणि महासागर यांच्या अभ्यासाचे जे केंद्र तेथे पुढे उभे राहिले, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

आता त्यांच्या कार्याकडे वळू. मोसमी पाऊस का येतो, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो. तापलेल्या जमिनीवरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे धावून येतात. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर रोज दुपारी जो खारा वारा सुटतो त्याचाच हा अतिविशाल अवतार. ही कल्पना इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली याने १६८६ साली मांडली. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघरी झाले तोच हा हॅली. तीनशे वर्षे ही कल्पना शालेय पुस्तकांतून चालत आली.

पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर या उत्तरात एक खोच आहे. जमीन सर्वांत अधिक तापते ती मे महिन्यात, आणि पाऊस भरात येतो जुलैत, जेव्हा जमीन निवालेली असते. शिवाय ज्या वर्षी अवर्षण पडते त्या वर्षी जमीन अधिक तापते; मग त्या वर्षी पाऊस अधिक का पडू नये? ही शंका १९२१ साली जॉर्ज सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने स्पष्ट बोलून दाखविली होती. परंतु नुसत्या शंकेने जुने मत हटत नाही. त्याच्या जागी अधिक चांगले मत उभे करावे लागते. हे काम ज्यांनी केले त्यांत सुलोचनाबाईंचे स्थान अग्रगण्य आहे.

या कामी त्यांना लाभलेल्या सहकाऱ्याचा येथे गौरवाने उल्लेख केला पाहिजे. त्यांचे नाव देवराज सिक्का. पुण्याच्या संस्थेतील हे गृहस्थ हवामानाचे नकाशे वर्षानुवर्षे वाचण्यात मुरलेले होते. ढगांची ठेवण पाहून पुढे काय होईल याचा अदमास बांधणे ही त्यांची सिद्धी. एकीकडे हार्वर्डहून आलेली, समीकरणांत पारंगत अशी तरुण विदुषी. दुसरीकडे आभाळ वाचीत आलेला अनुभवी गृहस्थ. या दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्यास कमी लेखले असते, तरी पुढचे काम झाले नसते. दोघे एकत्र बसली. कृत्रिम उपग्रहांनी घेतलेली, १९७३ पासून १९७७ पर्यंतची, एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांतील रोजची ढगांची छायाचित्रे त्यांनी एकामागून एक तपासली. रोजचे एक चित्र, असे पाच वर्षांचे! यात चमत्कार काही नाही. आहे तो चिकाटीचा भाग.

त्या चित्रांत काय दिसले? पूर्व-पश्चिम पसरलेला, हजारो किलोमीटर लांबीचा ढगांचा एक पट्टा. असे पट्टे विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीवर सर्वत्र असतात. दोन्ही गोलार्धांतील वारे तेथे एकमेकांस मिळतात आणि हवा वर चढते. आपल्याकडील विशेष हा, की उन्हाळ्यानंतर हा पट्टा समुद्र सोडून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत चढून येतो. त्याचे हे चढून येणे म्हणजेच आपला पावसाळा. मात्र तो एकदा चढला आणि चार महिने तेथेच ठाण मांडून बसला, असे होत नाही. जमिनीवरचा पट्टा काही दिवसांनी विरतो. दक्षिणेस विषुववृत्ताजवळील उबदार समुद्रावर नवा पट्टा तयार होतो, आणि तो उत्तरेकडे सरकत येऊन जमिनीवरच्या पट्ट्यास पुन्हा जीव देतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हा क्रम चालू राहतो. हा निबंध १९८० साली अमेरिकेतील एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि मोसमी पावसाचा अभ्यास करणारा कोणीही आज त्यास वगळून पुढे जाऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, हे सर्व आपल्या बोलीत एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे ‘उघडीप’. पाऊस लागून राहतो आणि मग उघडीप पडते, हे आपल्या आजोबा-पणजोबांस ठाऊक होते. लावणी ऐन भरात असताना उघडीप लांबली म्हणजे खाचरास भेगा पडतात, हेही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की ती का पडते आणि पाऊस पुन्हा कोठून येतो. त्याचे उत्तर दूर दक्षिणेस, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर आहे, हे या दोन सहकाऱ्यांनी दाखविले. अनुभवाने जे ‘काय’ सांगितले त्याचे ‘का’ शास्त्राने सांगितले. देवराजजी २०१७ साली निवर्तले. आज बाईंचे स्मरण करताना त्यांनाही आम्ही आदरांजली वाहतो.

कोणी म्हणेल, मग आमच्या डोंगरांचे काय? पाऊस तर सह्याद्री अडवितो. ते खरेच आहे, आणि डोंगर व हवामान यांचा संबंध आपल्या देशात फार पूर्वीपासून अभ्यासिला गेला आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांना असे आढळले, की हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक साचले की पुढचा पाऊस उणा पडण्याचा संभव असतो. आणि त्या आधारावर १८८६ पासून पावसाचे दीर्घ मुदतीचे अंदाज निघू लागले. सह्याद्रीचे गणित पुण्याच्या संस्थेतील आर. पी. सरकार यांनी १९६६ च्या सुमारास मांडले. वारा डोंगरास आपटून किती चढतो आणि चढताना किती पाणी टाकतो, हे त्यात दाखविले आहे. महाबळेश्वरी पाऊस कोसळतो आणि घाट उतरून वाईस जावे तो त्याचा लहानसा अंशच हाती लागतो, हे प्रवासात कोणालाही दिसते. आपल्याकडेही डहाणूच्या किनाऱ्याहून जव्हार-मोखाड्याच्या माथ्यावर पाऊस अधिक.

सुलोचनाबाईंनी डोंगराचे हे महत्त्व कधी नाकारिले नाही. त्यांनी प्रश्न पुढे नेला. डोंगर तर रोज तेथेच उभा आहे. मग एका दिवशी रिमझिम आणि दुसऱ्या दिवशी प्रलय, असे का? दि. २६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यास शंभर मिलिमीटरही पडला नाही. पुढल्याच वर्षी बाईंनी व त्यांचे सहकारी पी. ए. फ्रान्सिस यांनी पश्चिम किनाऱ्यावरील अतिवृष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी वृष्टी बव्हंशी एखाद्या सुट्या, भटक्या ढगाची करणी नसून समुद्रावर दूरवर पसरलेल्या मेघरचनेशी तिचा संबंध असतो, असे त्यातून दिसून आले. किनाऱ्याच्या ज्या भागांत तिचा संभव अधिक, त्यांत मुंबईच्या अक्षांशाचा परिसरही येतो. डहाणू तेथून काही फार दूर नाही. म्हणजे डोंगर पाणी पिळून घेतो हे खरे, पण पिळावयाचे वस्त्र समुद्रावरून यावे लागते.

त्यांचा आणखी एक शोध थोडक्यात सांगतो. प्रशांत महासागराचे पाणी तापले, म्हणजे ज्यास ‘एल निनो’ म्हणतात ते घडले, की हिंदुस्थानात अवर्षणाचे भय, हे आता वर्तमानपत्रांतून सर्वांस परिचित झाले आहे. परंतु १९९७ साली एल निनो फार प्रबळ असूनही आपला पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ साली तो तितका प्रबळ नसता जुलैत देशभर जवळजवळ निम्माच पाऊस पडून भयंकर अवर्षण ओढवले. बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ आणि २००४ साली दाखविले, की आपल्या हिंदी महासागरातही एक आंदोलन चालते. विषुववृत्तावर आफ्रिकेच्या बाजूस ढग वाढले आणि सुमात्राच्या बाजूस घटले तर आपणांस अनुकूल; उलट झाले तर प्रतिकूल. दूरच्या सावकाराकडे पाहताना दाराशीच असलेला दुसरा सावकार विसरू नये, असा हा मथितार्थ.

परंतु आमच्या मते बाईंचे मोठेपण याहून निराळ्या ठिकाणी आहे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ असूनही त्या शेतकऱ्याच्या बांधावर गेल्या. कर्नाटकातील पावगड आणि आंध्रातील अनंतपूर हा कोरडवाहू भुईमुगाचा मुलूख. तेथे त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक वर्षे काम केले. तेथील शेतकऱ्यांशी बोलून त्यांच्या असे ध्यानी आले, की पावसाचा नुसता आकडा सांगून शेतकऱ्याचे भागत नाही. त्याचा प्रश्न असतो, ‘पेरू केव्हा? फवारणी करू की थांबू?’ भुईमुगाच्या शेंगा भरावयाच्या वेळी पावसाने दगा दिला की पीक गेले. म्हणून अनेक दशकांच्या पावसाच्या नोंदी घेऊन, कोणत्या मुदतीत पेरले असता त्या नाजूक वेळेस कोरड पडण्याचा धोका कमी, हे त्यांनी काढले. आणि हे काढताना एक फार मोलाची गोष्ट त्यांनी ओळखली. पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जाणाऱ्या पिकांविषयी शेतकऱ्याचे अनुभवज्ञान पक्के असते. पण पीक नवे आले, वाण नवे आले, की ते ज्ञान अपुरे पडते. तेथे शास्त्राने त्याच्या शेजारी बसावे. डोक्यावर बसू नये.

हे वाचताना आम्हांस आपल्या कोसबाडच्या टेकडीची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडास नेले. वारल्यांची मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव तेव्हापासून शिक्षणाच्या इतिहासात गेले. ताराबाईंनी शाळा कुरणात नेली, सुलोचनाबाईंनी प्रयोगशाळा शेतात नेली. दोन्हींचे मर्म एकच : ज्याला गरज आहे त्याच्यापाशी ज्ञानाने चालत गेले पाहिजे.

पावसाची किंमत किती, हेही त्यांनी मोजून दाखविले. गणितज्ञ चिरंजीव सिद्धार्थ यांच्यासह २००६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखविले, की मोठ्या अवर्षणाने देशाच्या एकूण उत्पन्नाचे दोन ते पाच टक्के नुकसान होते, आणि कारखानदारी वाढून शेतीचा वाटा घटल्यावरही ते प्रमाण उतरलेले नाही. शिवाय वाईट वर्षात जितके जाते तितके चांगल्या वर्षात भरून येत नाही. ‘आता शेतीला कोण विचारतो?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता आपल्या घरचे बोलू. आमच्या परिचयाचे एक वृद्ध बागायतदार आहेत आणि त्यांचा पुतण्या शेतकीचा पदवीधर आहे. एका वर्षी मे अखेर सरी आल्या. पुतण्याने मोबाईलवरील अंदाज पाहून राबात भात पेरावयास लावले. काका ‘थांब’ म्हणत होते. पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि रोप करपले. पुढील वर्षी पाऊस लागून राहिला. पुतण्या चिकूवर बुरशीचे औषध मारा म्हणाला. काका म्हणाले, ‘हे नक्षत्र उतरले की आपोआप निवळेल.’ निवळले नाही, आणि फळगळीने वाडी झडली. एकेक डाव दोघांनीही जिंकला आणि वाडी दोन्ही वेळा हरली. आज काकापुतण्यात बोलणे नाही, आणि वडिलांच्या हातची ती कालीपत्तीची झाडे दलालाच्या वहीत चढली आहेत. अशी घरे एकदोन नाहीत, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

नक्षत्रांविषयी आम्हांस अनादर नाही. नक्षत्र सूर्यावर चालते. म्हणून मृग दरवर्षी जूनच्या ७-८ तारखेसच येतो. त्या गणनेत पूर्वजांचा शेकडो वर्षांचा अनुभव साठविलेला आहे. पण ती पावसाच्या सरासरीची आठवण आहे, यंदाच्या पावसाची बातमी नव्हे. आणि पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. पुण्याच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य हिंदुस्थानात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे पीक तेच राहिले तरी आभाळ नवे झाले. पावगडच्या शेतकऱ्यापुढे जो प्रसंग नव्या पिकाने आणला, तो आपल्यापुढे नव्या आभाळाने आणला आहे. अशा वेळी काकांचा अनुभव एकटा पुरणार नाही आणि पुतण्याची पदवीही एकटी पुरणार नाही. देवराजजी आणि सुलोचनाबाई एका टेबलाशी बसली, तसे या दोघांनी एका ओटीवर बसले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, आपल्या प्रत्येक गावी निदान एका घरी पर्जन्यमापक असावा आणि सकाळी साडेआठ वाजता, जी हवामान खात्याची नोंदीची वेळ आहे त्याच वेळी, पाणी मोजून वहीत लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. हे गणित सातवीतील मुलास येते. त्याच वहीत पेरणी, लावणी, उघडीप, फळगळ आणि फवारणी यांच्याही तारखा लिहाव्या. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई यंत्राने नोंदलेल्या पावसावर आणि दमटपणावर ठरते. आपल्या वहीने ती मिळेल असे नव्हे. पण आपल्या वाडीत काय घडले हे आपणांस आकड्यांनी सांगता येईल. पाच वर्षांची चित्रे तपासून दोन माणसांनी जगाचे मत बदलले; पाच वर्षांची वही आपल्या गावास पुष्कळ शिकवील.

दुसरी, दरवर्षी मे महिन्यात, पेरणीपूर्वी, मंडळाने एक दिवस वडीलधारे शेतकरी आणि शिकलेली मुले यांची एकत्र बैठक भरवावी. भाषणे नकोत, हारतुरे नकोत. वह्या उघडाव्या आणि मागील वर्षी कोणाचे काय चुकले, काय साधले, ते मोकळेपणाने बोलावे.

तिसरी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. बारावीनंतर गणित, पदार्थविज्ञान किंवा शेतकी घेऊन पुढे शिकू पाहणाऱ्या एका मुलीस त्यात शिष्यवृत्ती असावी. ‘मुलीस एवढे गणित कशाला?’ असे अजूनही आपल्या ओट्यांवर विचारले जाते. पुण्याच्या फाटकांच्या घरी जर तसे म्हटले गेले असते, तर उघडिपीनंतरचा पाऊस कोठून येतो हे सांगण्याचे श्रेय आज कोणा दुसऱ्या देशाच्या पदरी असते.

मोठ्या माणसांचे स्मारक दगडाचे करण्याची आपली रीत आहे. ज्या बाईंनी आयुष्यभर रोजचे आभाळ रोज पाहिले, त्यांचे स्मारक रोज लिहिलेल्या वहीचे व्हावे, असे आम्हांस वाटते. मृगाला अद्याप अवकाश आहे. पर्जन्यमापक घेण्यास आणि पहिले पान आखण्यास तेवढा वेळ पुरे आहे. काकांनी पान आखावे, पुतण्याने आकडा लिहावा, आणि वाडी विकण्याचा विचार दोघांनी मिळून निदान एक पावसाळा पुढे ढकलावा, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.